दमणी पुन्हा चालावी म्हणून

या मननाला डोळे मिटावे लागत नाहीत. ते उघडेच ठेवा आणि एक दमणी समोर येऊ द्या. कोणाच्या आजोळी असेल, कोणाच्या काकांच्या वाड्यात मागच्या कोठ्यात असेल. माझ्यासमोर येते ती नागपूरहून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका गावातल्या माझ्या मामांच्या सपरीखालची. तुमच्यासमोर तुमची येईल. घरात कधी नसलीच, तर मामांची ही आजच्यापुरती तुमची समजा.

ती बरीच वर्षं जागची हललेली नाही. साट्यात कुटाराची पोती आहेत, एक मोडका वखर आहे, जुन्या सायकलची चौकट आहे. छताच्या बांबूच्या कमानी उरल्या आहेत, वरची तट्टी गेली आहे. धुरा जमिनीला टेकली आहे. यातलं काहीही आत्ता हलवायचं नाही. शेजारी बाज टाका आणि बसा. हात मांडीवर असू द्या. जुनी वस्तू दुरुस्त करायची म्हटली की माणूस आधी पाना-हातोडी शोधतो. माझं म्हणणं असं की आधी तिच्याजवळ नुसतं बसावं, तिची आपली नीट ओळख होईपर्यंत. श्वास त्याच्या गतीने चालू द्या. नजर वरून खाली आणा. कमानी, मग कठडा, मग साटा, मग आस, आणि सगळ्यात शेवटी चाकं. चाकांवर नजर लवकर गेली तर ती तिथेच अडकते.

विदर्भात बैलाच्या गाडीची रूपं अनेक. शेणखत, कापूस, पऱ्हाटीचे भारे वाहते ती बंडी. हलकी, दोघातिघांची, पळवायची ती रेंगी. आणि घरच्या माणसांना, विशेषतः बाया-लेकरांना आणि म्हाताऱ्यांना, ऊनपावसातून या गावचं त्या गावी नेते ती दमणी. तिच्यात तळाला तणस, त्यावर गादी, त्यावर चादर. कोपऱ्यात पाण्याची सुरई आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. आसाला टांगलेला कंदील, आणि त्याच्याच बाजूला वंगणाचं बांबूचं नळकं. उन्हाळ्यात दिवसा रस्ता तापायचा, म्हणून लांबचा प्रवास रात्री व्हायचा. रामटेकच्या यात्रेला निघालेलं घर संध्याकाळी दमणीत बसायचं, लेकरं झोपी जायची, धुरकरीही पेंगायचा, आणि बैल आपल्या माहितीच्या रस्त्याने चालत राहायचे.

इथे जरा थांबा. झोपलेलं घर रस्त्यावरून पुढे सरकतं आहे, एवढंच चित्र मनात राहू द्या. तुमचं स्वतःचं असं कोणतं झोपेतलं प्रवासाचं सुख आठवतं का, ते पाहा. एसटीतलं असेल, रेल्वेच्या वरच्या बर्थवरचं असेल. नाही आठवलं तरी चालेल.

चाकांवरचं असं घर दुसरीकडेही निघालं. इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलात काम केलेल्या एका डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून राहता येईल अशी घोडागाडी करवून घेतली. ‘द वाँडरर’ तिचं नाव. दोन घोडे ती ओढत. वजन जवळपास दोन टन. डॉक्टरांसोबत गाडीवान, नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. अरुंद रस्त्यांवर समोरून येणाऱ्यांना सावध करायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. असे ते दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. निव्वळ हिंडण्याच्या आनंदासाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचा मान आहे, आणि ती आजही जपून ठेवलेली आहे. तिकडे जुन्या कॅराव्हॅन शोधून, त्यांच्या कुजलेल्या चौकटी बदलून, त्यांना पुन्हा रस्त्यावर आणणारी कुटुंबं आहेत. सुट्ट्याच्या सुट्ट्या ती यात घालवतात. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याचा आनंद आहेच. पण घराला चाकं लावून निघण्याची रीत आपल्या खेड्यांत त्याआधी कितीतरी पिढ्या होती, आणि तिची शेवटची नमुनेदार रूपं आज कोठ्यांत कुटाराखाली उभी आहेत. आपण बसलो आहोत ते त्यातल्याच एकीशेजारी.

आता उठा, पण हळू. चाकाजवळ जा आणि गुडघ्यावर बसा.

चाकाच्या मधोमध तुंबा. त्यातून बाहेर निघालेले आरे. आऱ्यांच्या टोकांना जोडलेले वळणदार लाकडाचे तुकडे, ते पुठे. आणि पुठ्यांना बाहेरून कवटाळणारं लोखंडी कडं, ती धाव. एकेका पुठ्यात दोन-दोन आरे बसतात, म्हणून बारा आऱ्यांच्या चाकाला सहा पुठे लागतात. आपल्या समोरच्या चाकाचे आरे मोजा. मोजण्यात घाई नको. प्रत्येकावर बोट ठेवून पुढे जा. कोणता सैल लागतो, कोणता चिरलेला, कोणता नंतर कधी बदललेला, ते बोटाला समजतं. बदललेला आरा बहुधा थोडा जाड असतो, कारण तो वेगळ्या हाताने तासलेला असतो.

आता भार मनात आणा. गाडीचा सगळा भार आसावर, आसाचा तुंब्यावर. तुंब्याखाली त्या क्षणी जो आरा सरळ उभा असेल, बहुतेक भार त्याच्यावर. चाक जरा फिरलं की तो पुढे सरकतो आणि मागचा त्याच्या जागी येतो. एका फेऱ्यात प्रत्येक आऱ्याची पाळी एकदाच येते, आणि बाकी वेळ तो मोकळा असतो. गाव ते रामटेक या अंतरात प्रत्येक आऱ्याने हजारो वेळा भार उचलला आणि तितक्याच वेळा सोडला. हे दृश्य मनात जितकं सावकाश फिरवता येईल तितकं फिरवा. एक आरा खाली आला. उभा राहिला. सरकला. दुसरा आला.

मला हे पाहताना घरातली माणसं आठवतात, ज्यांनी आपापल्या पाळीला भार घेतला. तुम्हाला कोण आठवतं ते येऊ द्या आणि जाऊ द्या.

मामांच्या गावी एक म्हातारे वाढई आहेत. मी त्यांना दमणी दाखवायला नेलं तेव्हा मला त्यांच्याकडून खर्चाचा अंदाज हवा होता. ते म्हणाले, “पयले वाजवून पाहा जी, मंग बोला.” आणि त्यांनी खिशातून एक छोटा लाकडी ठोकळा काढून प्रत्येक आऱ्यावर, प्रत्येक पुठ्यावर हलकेच मारला. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं. आतून वाळवीने खाल्लेलं किंवा कुजलेलं लाकूड बद्द वाजतं. एका पुठ्याजवळ ते दोनदा परत आले. बाहेरून तो अगदी धड दिसत होता. टोच्या लावला तर तो निम्म्यापर्यंत आत गेला.

तुमच्या समोरच्या चाकावरही मनाने असंच वाजवत जा. जिथे आवाज बदलतो तिथे थांबा. बिघाड जिथे दिसतो तिथेच असतो असं नाही.

चाकं कुजतात ती बहुधा खालून. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या चाकाचा एकच भाग मातीला टेकलेला असतो. नागपूर भागात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. चार महिने तो खालचा पुठा ओल पितो. मग येतो मे महिना, पारा ४५ अंशांवर. तेच लाकूड कोरडंठक्क होऊन आकसतं. लाकूड रेषांच्या दिशेने फारसं वाढत-घटत नाही; ते वाढतं-घटतं आडव्या दिशेने. त्यामुळे आऱ्याची लांबी तीच राहते, पण त्याचं खाचेत बसणारं टोक, म्हणजे कुसू, बारीक होतं आणि खाचेत खुळखुळायला लागतं. पुठे आकसतात, धाव सैल पडते. म्हणूनच जुने लोक उन्हाळ्यात चाकं नाल्यात किंवा हौदात घालून ठेवत. फुगलेलं लाकूड पुन्हा धावेला भिडायचं. चालत्या गाडीची अशी काळजी कोणीतरी सतत घ्यायचं. उभ्या गाडीची कोणी घेत नाही, आणि तेवढ्यानेच ती जाते. वापराने झिजलेल्या दमणीपेक्षा न वापरता कुजलेल्या दमणी मी जास्त पाहिल्या आहेत.

लोखंडाकडे पाहा. धावेला गंज आहे, खिळ्यांना गंज आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खिळा फुगतो आणि भोवतीचं लाकूड चिरतो. बाभळीच्या लाकडात खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसतं. बाभळीत टॅनिन असतं, तेच ज्यामुळे तिची साल कातडं कमवायला वापरतात. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो. तो डाग म्हणजे कूज नव्हे. वाढईबाबांनी मला तो मुद्दाम दाखवला, कारण नव्या माणसाला वाटतं की काळं झालं म्हणजे फेकायचं.

आता या मननातली सगळ्यात अवघड जागा. तिथे पुरेसा वेळ द्या. दमणीवर जे जे साचलं आहे, त्याचे तीन वेगळे ढीग मनात करायचे आहेत. मळ, कूज आणि वापर. मळ काढायचा. कूज बदलायची. वापर ठेवायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात हात तिथेच चुकतात. मामांच्या दमणीच्या मागच्या कठड्याला एका जागी लाकूड आतल्या बाजूला खोलगट आणि गुळगुळीत झालं आहे. चढताना उतरताना प्रत्येकीने तिथेच हात धरला. पणजी, आजी, आत्या, मामी. त्या खोलगट जागेत मी माझा तळवा ठेवला तर तो बरोबर बसत नाही, कारण त्या हातांपेक्षा माझा हात मोठा आहे. ती जागा रंधा मारून सपाट करणं एका मिनिटाचं काम आहे. पॉलिश छान बसेल. पण मग ती दमणी कोणाचीही होईल.

तुमचा तळवा त्या खोलगटात ठेवा. थोडा वेळ तिथेच असू द्या.

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसमध्ये जो मसुदा ठरला, त्यात एक कलम असं आहे की नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी मेळ खाणारा हवा, पण तो नवा आहे हे ओळखता आलं पाहिजे. ते कलम देवळांना आणि किल्ल्यांना जितकं लागू, तितकंच मला या कठड्याला आणि त्या पोकळ पुठ्याला लागू वाटतं. नवा पुठा घालायचा तर तो बाभळीचाच घालावा, त्याच वळणाचा, पण त्याला जुना दिसावा म्हणून काळं फासू नये. काही वर्षांत ऊन-पाऊस त्याला आपोआप त्याच रंगावर आणतील. तोवर त्याने नवं दिसण्यात काहीच वाईट नाही.

लाकडाची निवड आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केली होती. तुंब्याला, पुठ्यांना, आऱ्यांना बाभूळ, कारण ती चिवट आणि फुटायला अवघड. तिवसाचंही लाकूड चाकांना आणि धुरेला पसंत केलं जाई. मार खाणाऱ्या भागांना धावडा, साट्याला सागवान. आपल्या भागाच्या सागवानाची कीर्ती दिल्लीपर्यंत आहे. नव्या संसद भवनातलं सागवान नागपूरहून गेलं आहे. पण चाकाला सागवान घालू नये. ते हलकं आणि टिकाऊ असलं तरी धक्के सोसण्यात बाभळीची बरोबरी करत नाही. आणि लाकूड मुरलेलं हवं. ओलं लाकूड घातलं तर पुढच्या मेमध्ये ते आकसेल आणि सगळे सांधे पुन्हा उघडतील. वाढईबाबांनी सांगितलं, खोड चिरून सावलीत, हवेशीर, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मला काम त्याच हिवाळ्यात हवं होतं. थांबावं लागलं. या थांबण्याबद्दल मी आज कृतज्ञ आहे, कारण त्या काळात मी दमणीजवळ पुष्कळ वेळा नुसता बसलो.

धाव चढवण्याचा दिवस मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. तुम्ही त्या अंगणात उभे आहात असं समजा.

सकाळची वेळ. दुरुस्त केलेलं चाक जमिनीवर आडवं, तुंबा खड्ड्यात, म्हणजे चाक सपाट बसेल. पुठ्यांमध्ये बारीक फटी आहेत. त्या चुकून राहिलेल्या नाहीत, मुद्दाम सोडलेल्या आहेत. लोहार सुतळीने चाकाचा घेर मोजतो, मग धावेचा आतला घेर मोजतो. धाव चाकापेक्षा थोडी लहानच करायची. किती लहान, हे तो आकड्यात सांगत नाही. सुतळीवर अंगठ्याच्या नखाने खूण करतो. थंड असताना ती धाव चाकावर चढणं अशक्य आहे.

मग ती जमिनीवर ठेवतात आणि तिच्याभोवती गोवऱ्यांचं कडं रचतात. आग लागते. गोवरीचा जाळ सावकाश आणि सगळीकडे सारखा धरतो, म्हणून गोवऱ्याच. आता पाहत राहण्याशिवाय काही काम नाही. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांतले बारा भाग वाढतं. हा आकडा इतका लहान की मनात धरवत नाही. पण साडेचार फूट व्यासाच्या चाकाच्या धावेचा घेर सव्वाचार मीटरच्या वर असतो, आणि ती पाचशे अंशांनी तापली तर घेर सुमारे २६ मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक इंच. त्या एका इंचावर सगळं काम उभं आहे.

धाव काळसर लाल होते. लोहार बोलत नाही. तिघं-चौघं सांडशा घेऊन तयार. मग एकदम, एका हाकेसरशी, ती उचलून चाकावर आणतात आणि खाली दाबतात. पुठ्यांच्या कडा जळायला लागतात, धूर होतो, बाभळीचा तो कडवट वास अंगणभर पसरतो. दोन-चार ठोके, आणि लगेच पाणी. बादलीमागून बादली. वाफ उठते. आणि त्या वाफेच्या आतून चाकाचा आवाज येतो. धाव आकसते आहे, पुठे एकमेकांवर दाबले जात आहेत, आरे तुंब्यात खोल बसत आहेत. करकर, करकर, आणि मग ती थांबते. मघाच्या फटी मिटलेल्या असतात. सरस नाही, पुठे जोडायला खिळा नाही. फक्त निवणाऱ्या लोखंडाने ते सगळे तुकडे एकत्र धरलेले आहेत, आणि गाडी चालेल तोवर धरून राहतील.

इथे पुष्कळ वेळ थांबा. तो आवाज ऐका. मग चाकाचे तुकडे आठवा, सुटे, वेगवेगळ्या वयांचे, काही पणजोबांच्या वेळचे, एक या वर्षीचा. आता ते एकाच ताणात आहेत. नव्या पुठ्यावर आणि जुन्यावर तो ताण सारखाच आहे.

तेलाचं काम त्यामानाने शांत. जवस हे विदर्भाचं जुनं पीक, आणि जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या आत घट्ट होतं. बाजारात ते बेलतेल म्हणून मिळतं. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा द्यायचा. एकच सूचना, आणि ती ध्यानाइतकीच महत्त्वाची: तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

दमणी तयार झाली. चढा आणि आत बसा. एकटेच. कमानींखाली बसल्यावर बाहेरचं ऊन बांबूच्या नव्या तट्टीतून बारीक चौकटींनी आत येतं. इथे कोण कोण बसलं असेल ते मनात येऊ द्या. आणि मग, मनाला जड वाटलं तरी, इथे कोणाला बसू दिलं गेलं नाही तेही येऊ द्या. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की मुलांनी गाडी हाकायची आणि तो पायी चालेल. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तहानलेल्या लेकरांचा तो प्रवास साताऱ्याकडचा, पण ती गाडी आपल्या प्रत्येक गावात होती. पंचावन्न वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. मामांच्या दमणीला मी नवी गादी शिवून घेतली तेव्हा ही गोष्ट माझ्या मनातून हलली नाही. जुनी वस्तू जपायची तर तिच्याबद्दलचं सगळं जपावं लागतं, हेही. गादीवर आता गावातलं कोणतंही लेकरू चढतं आणि मामा त्याला हात देतात. दुरुस्तीचा हा भाग वाढई-लोहारांच्या हातातला नव्हता, तो आमच्या हातातला होता.

आता जुंपायचं. नागपूर-वर्धा भागाचा मूळचा बैल गवळाऊ. पांढरा, सडपातळ, लांब चेहऱ्याचा, झपझप चालणारा. दमणीसारख्या हलक्या गाडीला तोच शोभतो. त्याची संख्या आता खूप घटली आहे, आणि दमणी गेली त्यात हेही एक कारण आणि हाही एक परिणाम. जू मानेवर ठेवताना पाहा: गाडीचा भार आसाच्या पुढे किंचित जास्त हवा, म्हणजे जू मानेवर टेकून राहतं. मागे जास्त झाला तर ते वर उचललं जाऊन गळ्याला काचतं, पुढे जास्त झाला तर मान दबते. आपण आत कुठे बसतो यावर बैलाची मान अवलंबून असते. एकदा हे समजलं की माणूस दमणीत सहज हलतसुद्धा नाही, आधी विचार करतो.

मग ती चालते. पहिल्या काही पावलांत सगळे सांधे आपापली जागा शोधतात. वंगण नवं आहे, तरी तुंबा जरा कुरकुरतो. गावाबाहेरच्या पांदणीने शेतांमधून जा. तिथे तिची गती आणि रस्त्याची गती एक आहे. समृद्धी महामार्गावर तिला जागा नाही, आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. पांदण आहे तोवर तिला रस्ता आहे.

रुळांवरच्या गाडीचं तसं नाही. उमरेडवरून नागभीडकडे अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे जायची, ती नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे. जाऊन पाहा, तिथली इंजिनं निगुतीने ठेवली आहेत. पण ती पुन्हा धावणं फार कठीण. त्यांना रूळ हवेत, बॉयलर हवा, कारखाना हवा. दमणीला एक वाढई, एक लोहार, बाभळीचं मुरलेलं खोड आणि गोवऱ्या पुरतात. गाव ती परत चालती करू शकतं, आजही. म्हणून जेव्हा महामार्गालगतच्या हॉटेलांच्या भिंतीवर रंगवलेलं चाक टांगलेलं दिसतं, तेव्हा मला ते पटत नाही. त्या चाकाची जोडी कुठेतरी मोडली गेलेली असते.

वाढई सापडत नाही, असं नागपुरात पुष्कळ जण म्हणतात. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदीबैल कोण घडवतो ते विचारत जा. त्या छोट्या बैलांना खाली चाकं असतात. ती घडवणाऱ्यांपैकी काहींच्या वडिलांनी बंडीची चाकं केलेली आहेत, आणि काहींना स्वतःलाही ती येतात. त्यांना काम द्या, पुरते पैसे द्या, आणि त्यांच्याशेजारी एखादा पोरगा शिकायला बसवा.

आणि तुमच्या कोठ्यात दमणी असेल, पण यंदा दुरुस्तीला पैसा किंवा सवड नसेल, तर एवढं नक्की करा. मृगाच्या आधी साट्यातली पोती काढा. आसाखाली दगडांचा टेका द्या, म्हणजे चाकं मातीपासून चार बोटं वर राहतील. धुरा उचलून खुंट्याला टेकवा. खिळ्यांवर आणि धावेवर तेलाचं फडकं फिरवा. दर महिन्याला चाक हाताने पाव फेरा फिरवा. एका सकाळचं काम आहे, आणि त्याने तिची पुढची कित्येक वर्षं वाचतात.